पर्जन्यवृक्षाच्या छाटणीचे ४६ हजार रुपये कशाचे होते

नमस्कार. वर्तकनगरमधील आपल्या सोसायटीच्या आवारातील पर्जन्यवृक्षाच्या (रेन ट्रीच्या) छाटणीसाठी आम्ही ४६ हजार रुपयांचे दरपत्रक दिले, तेच काम दुसऱ्या ठेकेदाराने १५ हजारांत आणि एका दिवसात केले, आम्ही नुसत्या पाहणीचेही एक हजार रुपये घेतले आणि ही झाडाच्या नावाखाली चाललेली लूट आहे, असे आपण लिहिले आहे. रहिवाशांनी भरलेल्या पैशांचा हिशेब आपल्याला द्यावा लागतो, त्यामुळे आमच्या आकड्याचाही पूर्ण हिशेब आपल्यापुढे ठेवणे मला आवश्यक वाटते.

पाहणीच्या शुल्काबद्दलची आपली तक्रार रास्त आहे. ते शुल्क फोनवर वेळ ठरवतानाच सांगायला हवे होते आणि आमच्याकडून ते सांगितले गेले नाही. ही रक्कम या आठवड्यात सोसायटीच्या खात्यात परत जमा होईल. दरपत्रकही ‘छाटणी व विल्हेवाट’ अशा एका ओळीचे होते. त्या ओळीसमोर ४६ आणि १५ हे आकडे ठेवल्यावर कोणीही जो निष्कर्ष काढेल, तोच आपण काढला.

त्या एका ओळीत दडलेला हिशेब असा होता. झाडावर चढून काम करणारे दोन कारागीर दिवसाला प्रत्येकी २,५०० रुपयांनी आणि खालचे तीन मदतनीस प्रत्येकी १,२०० रुपयांनी, दोन दिवसांसाठी, म्हणजे मजुरीचेच १७,२०० रुपये. फांद्या आणि पाला नेण्यासाठी टेम्पोच्या तीन खेपांचे ९,००० रुपये. दोर, हार्नेस (चढणाऱ्याच्या अंगाला बांधायचा सुरक्षा पट्टा), चेनसॉ यांची झीज आणि इंधन यांचे ४,८००. कामगारांच्या अपघाती नुकसानभरपाईसाठी घेतलेला विमा आणि आपल्या गाड्या, भिंती यांच्या नुकसानीसाठीचा विमा यांचा या कामावर येणारा वाटा ३,५००. महापालिकेच्या परवानगीचे अर्ज आणि पाठपुरावा यांचे ३,०००. उरलेल्या ८,५०० रुपयांत माझी देखरेख, कार्यालयाचा खर्च आणि नफा. हा नफा अवाजवी वाटत असेल तर त्यावर जरूर बोलता येईल. बाकीच्या रकमा मात्र काम सुरू झाले की खर्च होतातच.

पाच माणसे आणि दोन दिवस कशाला, हा प्रश्न साहजिक आहे. आपल्या झाडाची पूर्वेकडची मोठी फांदी दुचाकींच्या शेडवरून जाते आणि तिच्या खालूनच विजेची सर्व्हिस वायर इमारतीत येते. सुमारे ३० सेंटिमीटर जाडीच्या अशा फांदीचा चार मीटरचा तुकडा कापला, तर ओल्या लाकडाचे वजन घनमीटरला ८०० ते १,००० किलो धरून तो साधारण सव्वादोनशे ते दोनशे ऐंशी किलोंचा भरतो. तो सोडून देता येत नाही. वरच्या मजबूत बेचक्यातून दोर घेऊन, खोडाशी त्याला वेढे देऊन, खालच्या माणसाने तो हळूहळू उतरवायचा असतो, आणि तोपर्यंत शेडखाली कोणी येणार नाही हे पाहायला आणखी एक माणूस लागतो. कापणेही एका घावाचे नसते. आधी खालून थोडा छेद, मग त्याच्या थोडे पुढे वरून काप, म्हणजे फांदी तुटताना खोडाची साल सोलून नेत नाही, आणि शेवटी उरलेला खुंट फांदीच्या मुळाशी असलेला फुगीर कडा न दुखावता काढायचा. झाडाची जखम आपल्या त्वचेसारखी भरून येत नाही. झाड तो भाग आतून बंद करून घेते आणि त्यावर बाहेरून नवे लाकूड चढवते. तो कडाच कापला गेला तर हे नीट होत नाही आणि कूज खोडात उतरते. कापण्याला दहा मिनिटे लागतात, उतरवण्याला तास जातो, आणि दर या तासाचा असतो.

स्वस्त दराविषयी आणखी एक गोष्ट आपल्या समितीपुढे मांडावीशी वाटते, कारण सोसायट्या ती सहसा विचारात घेत नाहीत. कमी दरात काम घेणारे अनेक ठेकेदार लाकूड स्वतः घेऊन जातात आणि ते वखारीत विकून उरलेला मोबदला मिळवतात. त्यात मुळात गैर काही नाही, परंतु ज्याचा मोबदला लाकडात आहे, त्याला बारीक, वाळक्या फांद्या काढण्यात रस नसतो; त्याला जाड, निरोगी फांद्या हव्या असतात, आणि नेमक्या त्याच झाडाने राखायला हव्यात. आमच्या दरपत्रकात लाकूड सोसायटीचे होते आणि पर्णसंभाराचा जेमतेम पाचवा हिस्सा काढायचा होता.

परवानगीबाबत थोडक्यात सांगतो. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ यात झाड तोडणे याच्या व्याख्येत झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणेही येते, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्षांचा दर्जा आहे. परवानगी सोसायटीच्या नावाने निघते, त्यामुळे छाटणी मर्यादेबाहेर गेल्यास पहिली विचारणाही सोसायटीकडेच होते.

दर कमी करून पाहिलेला नाही असे नाही. दोन हंगामांपूर्वी, मे महिन्यात हातची कामे एकामागून एक जाऊ लागली तेव्हा मीही १८ हजारांत एका गुलमोहराच्या छाटणीचे काम घेतले. दोराचा आणि डिझेलचा भाव माझ्या हातात नव्हता, म्हणून मी खालचा एक माणूस कमी केला. दुपारी एक फांदी दोरातून निसटली आणि मदतनिसापासून हातभर अंतरावर पडली. तिथल्या शेडचे पत्रे मी स्वखर्चाने बदलून दिले, पण त्या संध्याकाळी त्या मुलाला घरी सोडताना मला त्याच्या आईशी बोलता आले नाही. तेव्हापासून दर खाली आणायचा असेल तर मी कामच कमी करतो. माणूस कमी करत नाही. आपल्यालाही हे सुचवायला हवे होते: यंदा फक्त शेडवरची फांदी आणि वाळके लाकूड, एका दिवसात, साधारण २४ हजारांत झाले असते. ते न सुचवणे ही माझी चूक आहे.

आपल्याकडे काम केलेल्या माणसांविषयी माझ्या मनात कोणताही राग नाही. नाक्यावरून येणाऱ्या या मुलांपैकी कित्येक जण चढण्यात आमच्या कारागिरांइतकेच तरबेज असतात. माझ्याकडचा एक कारागीर तिथूनच आला आहे. कमरेला साधा दोर बांधून, विम्याशिवाय, सातशे-आठशे रुपयांत ते इतक्या उंचीवर जातात. १५ हजारांत जे बसत नाही, त्याची किंमत तेच मोजत असतात.

गेल्या आठवड्यात पोखरण रस्त्याकडे जाताना आपले झाड पाहिले. शेंडा पूर्ण उतरवला आहे आणि रस्त्याकडच्या बाजूला तीन मोठे खुंट राहिले आहेत. तिथे पावसाळ्यात भराभर धुमारे फुटतील आणि झाड पुन्हा हिरवे दिसेल, परंतु हे धुमारे जुन्या फांदीसारखे आतून जोडलेले नसतात. ते बाहेरच्या थरातून फुटतात आणि जड झाले की वाऱ्यात मुळापासून निखळतात. १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळाचा वारा ठाण्यात आला, त्यानंतर आम्ही उचललेल्या फांद्यांपैकी बऱ्याच अशाच जुन्या खुंटांवरच्या होत्या. म्हणून पुढच्या वर्षी पावसाळ्याआधी प्रत्येक खुंटावरचे दोन-तीन जोमदार धुमारे ठेवून बाकीचे विरळ करून घ्यावेत, आणि खुंटांवर डांबर किंवा रंग लावू नये, कारण त्याने कूज थांबत नाही. हे काम आपण कोणाकडूनही करून घेऊ शकता. त्याआधी मी स्वतः येऊन कोणते धुमारे ठेवायचे याच्या खुणा करून देईन. त्याचे शुल्क असणार नाही.