डॉल्फिन बोटीवर ‘खेळायला’ येत नाहीत

सुट्ट्या लागल्या की व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर फिरू लागतो: तारकर्ली-दापोलीकडचे डॉल्फिन माणसाळलेत, इंजिनाच्या आवाजाने खेळायला वर येतात, म्हणून तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, बोट अगदी जवळ घ्यायला लावा. शेपटाला आणखी एक: देवमासे आपल्या समुद्रात नाहीत, दिसलाच तर तो वाट चुकलेला.

डॉल्फिनला फुप्फुसं असतात. तुमचं इंजिन चालू असो वा बंद, श्वास घ्यायला तो वर येणारच. शिकार तो शोधतो आवाज सोडून आणि त्याचा प्रतिध्वनी ऐकून. खाडीच्या तोंडाशी, गढूळ पाण्यात, नजरेचा उपयोग तसाही बेताचाच. तिथे चार बोटी घुमू लागल्या की त्याला ऐकू काय येणार?

बोटीपुढे खेळतात हे खरं, पण स्पिनरसारख्या खोल समुद्रातल्या डॉल्फिनांबद्दल. आपल्या किनाऱ्यालगत बहुतेक वेळा दिसतो तो हम्पबॅक डॉल्फिन: करडा, बुजरा. आधी लांब चोच पाण्याबाहेर येते, मग पाठीवरचा उंचवटा आणि त्यावरचा छोटा त्रिकोणी पर, फुस्सकन उच्छ्वास, आणि गेला खाली. बोटीच्या पुढच्या टोकापुढे तो क्वचितच पोहतो. ही जात धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत संकटग्रस्त आहे. माणसाळलेली म्हणायला आधार कसला? ‘हसरा चेहरा’ म्हणाल, तर ती निव्वळ जबड्याची ठेवण. मेलेला डॉल्फिनही तसाच हसतो.

देवमाशांचं विधान तर सपशेल चूक. सिंधुदुर्गच्या समुद्रात ब्रायडीज देवमाशाच्या नोंदी आहेत. 2015 मध्ये रेवदंड्याला निळा देवमासा जिवंत किनाऱ्याला लागला होता, वाचला नाही. अरबी समुद्रातले हम्पबॅक देवमासे तर इतर समुद्रांतल्या भाऊबंदांसारखे ध्रुवाकडे जातच नाहीत, इथेच खातात, इथेच वितात. 2017 मध्ये ओमानजवळ उपग्रहावरून माग काढणारा टॅग लावलेली ‘लुबान’ नावाची मादी समुद्र ओलांडून भारताच्या दक्षिण टोकापर्यंत आली. हिला वाट चुकलेली म्हणायचं?

राहिला तांडेल. डॉल्फिनचा कळप कुठे असतो हे त्याला चांगलं ठाऊक असतं, आणि बोट अंगावर घालायची त्यालाही हौस नसते. ‘पैसे दिलेत, जवळ घ्या’ हा तगादा आपल्याकडूनच असतो. त्यापेक्षा इंजिन बारीक करायला सांगा, कळपाला आडवं न जाता बाजूने चला. डॉल्फिन नाहीच दिसला, तर तांडेलावर डाफरू नका.