‘बी१ पास झाले तरी फाइल अडवून ठेवली’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुम्ही आमच्या जर्मनच्या वर्गाला एक तारा देऊन लिहिलंत की जर्मन भाषेची बी१ पातळी पास होऊनही आम्ही तुमची नर्सच्या नोकरीची फाइल पुढे पाठवली नाही, ‘तीन वर्षांत पीआर’ (जर्मनीत कायम वास्तव्याचा परवाना) सांगून नंतर मुदत वाढवली, आणि दुसरी एक एजन्सी साडेतीन लाखांत बी१वरच चार महिन्यांत जर्मनीला पाठवायला तयार आहे. मिरज-सांगली-कोल्हापूरच्या बऱ्याच नर्स हे पान बघून निर्णय घेतात, म्हणून उत्तर सविस्तर देते. रात्रपाळी संपवून सकाळच्या बॅचला बसणाऱ्या मुलीला आणखी काही महिने थांबा म्हटलं की काय वाटतं, ते मी रोज समोर बघते. तरीही बी२शिवाय, म्हणजे बी१च्या पुढच्या पातळीशिवाय, फाइल पुढे न पाठवण्याचा आमचा निर्णय बरोबर आहे असंच मला वाटतं.

आधी पीआरचं बोलते, कारण बाकीचं सगळं त्यातच गुंतलेलं आहे. नोव्हेंबर २०२३मध्ये जर्मनीने कुशल कामगारांसाठी कायम वास्तव्याच्या परवान्याची मुदत चार वर्षांवरून तीन वर्षांवर आणली. पहिल्या माहिती-सत्रात हे मी फळ्यावर लिहिते, तुमच्या वेळीही लिहिलं होतं. त्याच्याच खाली दुसरी ओळ असते: ही तीन वर्षं विमानातून उतरल्या दिवसापासून मोजत नाहीत. तुमचं नर्सिंगचं शिक्षण तिथे मान्य झालं, नर्स म्हणून काम करण्याचा परवाना मिळाला आणि कुशल कामगाराचा वास्तव्य-परवाना हातात आला, की तिथून मोजणी सुरू होते. त्याआधी मान्यता मिळवण्यासाठी जो परवाना देतात, तिथल्या कायद्याचं कलम १६ डी, त्यावर काढलेले महिने या तीन वर्षांत धरत नाहीत. म्हणजे मुदत आम्ही वाढवलेली नाही. ती कुठून मोजायची, एवढंच तुम्हाला पुन्हा सांगितलं.

तुमच्या मावसभावाला म्युनिकमध्ये २१ महिन्यांत पीआर मिळाली असं तुम्ही लिहिलंत. ते अगदी शक्य आहे. ते सॉफ्टवेअरमध्ये आहेत, त्यांच्याकडे ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षितांसाठीचा वास्तव्य-परवाना, असणार. ब्लू कार्डवर २७ महिन्यांनी पीआर मिळते आणि जर्मन बी१ असेल तर २१ महिन्यांनी. सॉफ्टवेअरच्या कामाला तिथे सरकारी परवाना लागत नाही, त्यामुळे त्यांची मोजणी ब्लू कार्ड मिळाल्या दिवसापासून सुरू झाली. नर्सला परवाना लागतो, आणि लागायलाच हवा, कारण आपल्या हातात माणूस असतो.

हा परवाना कुठे अडतो तेही सांगते. जर्मनीतल्या नर्सिंगच्या तीन वर्षांच्या शिक्षणात २१०० तास वर्गातले आणि २५०० तास प्रत्यक्ष कामाचे असतात. आपलं जीएनएम किंवा बीएस्सी ते लोक या ४६०० तासांशी ताडून बघतात. आपल्या मार्कशीटवर विषय आणि गुण असतात, पण वृद्धांच्या शुश्रूषेचे किती तास, मानसिक आजारांच्या वॉर्डात किती, बालरुग्ण विभागात किती, ही फोड नसते. म्हणून आम्ही तुम्हाला कॉलेजकडून तासांचा तपशील असलेलं ट्रान्सक्रिप्ट आणायला लावलं. त्यासाठी माराव्या लागलेल्या चकरांबद्दलही तुम्ही नाराजीने लिहिलंय. पण त्या कागदावर जेवढे तास दिसतील तेवढे डेफिझिट-बेशाइडमधले, म्हणजे काय कमी पडतं ते कळवणाऱ्या पत्रातले, मुद्दे कमी होतात. (अपोस्टील, म्हणजे कागद खरे असल्याचा परदेशासाठीचा सरकारी शिक्का, आम्ही करून दिलं नाही अशीही एक ओळ तुम्ही लिहिलीत. भारतीय अपोस्टील जर्मनी स्वीकारत नाही, त्यामुळे त्यावर तुमचे पैसे घालवण्यात अर्थ नव्हता.)

हे पत्र आलं की दोन वाटा उरतात. हॉस्पिटलमध्ये राहून पूरक प्रशिक्षण घ्यायचं, नाहीतर केंटनिसप्र्यूफुंग ही परीक्षा द्यायची. परीक्षेत तोंडी भाग असतो आणि खऱ्या रुग्णांची शुश्रूषा करून दाखवायची असते, सगळं जर्मनमध्ये. नापास झालात तर पुन्हा बसायची संधी एकदाच मिळते. बी१ची भाषा दुकानात, बँकेत, घरमालकाशी बोलायला पुरते. पाळी बदलताना बारा रुग्णांची माहिती पुढच्या नर्सला द्यायची, डॉक्टरांनी फोनवर सांगितलेला डोस ऐकून लिहून घ्यायचा, कवळी काढून ठेवलेल्या आजोबांना नेमकं कुठे दुखतंय ते समजून घ्यायचं, हे बी१वर जमत नाही. परवान्यासाठीही साधारणपणे बी२च मागतात.

मग बी१वर जाणाऱ्या मुलींचं काय होतं? मान्यता मिळेपर्यंत त्या मदतनीस म्हणून काम करतात, पगारही मदतनिसाचा. तीन पाळ्यांत काम, नवीन देश, हिवाळ्यात चार वाजताच अंधार, आणि त्यातून वेळ काढून बी२चा अभ्यास. काही जणी जिद्दीने करतात, त्यांचं मला फार कौतुक आहे. पण १६ डीचा परवाना जास्तीत जास्त तीन वर्षं चालतो. त्यातला मोठा भाग भाषेतच गेला तर परीक्षेला सवड राहत नाही, आणि एवढं होऊनही पीआरची मोजणी सुरूच झालेली नसते. इथे, आईच्या हातचं जेवून, काही महिन्यांत होणारं बी२ तिथे दीड-दोन वर्षं खातं. तुम्हाला पीआर लवकर हवी आहे म्हणूनच थांबा म्हटलं. पीआरच्या वेळी लागणारं बी१, ३६ महिन्यांची पेन्शन-वर्गणी आणि ३३ प्रश्नांची जर्मनीविषयीची चाचणी हे सगळं मार्गी लागतं. नर्सचा परवाना मात्र बी२शिवाय सहसा अडतोच.

आता साडेतीन लाखांबद्दल. आमचा जर्मनचा वर्ग आहे. आम्ही भाषा शिकवतो, कागद लावून देतो आणि तयार फाइल नोंदणीकृत भरती एजंटकडे पाठवतो. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाला १९८३च्या उत्प्रवास कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते आणि उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेता येतो. नोंदणी आहे की नाही ते ई-मायग्रेट पोर्टलवर दिसतं. नर्सच्या भरतीचा खर्च मालकाने उचलायचा, अशी जर्मन सरकारच्या ‘फेअर भरती’ गुणवत्ता-चिन्हाची अटच आहे. ती एजन्सी कोणती हे मला माहीत नाही आणि तिच्याविषयी मी काही म्हणत नाही. पण पैसे देण्याआधी पावती कशाची मिळणार ते लेखी घ्या. करारात तुमचं पद नर्स लिहिलंय की मदतनीस, आणि मध्येच नोकरी सोडली तर किती युरो परत द्यावे लागतील, हेही वाचून घ्या. करार जर्मनमध्ये असेल तर वर्गात घेऊन या, मी ओळ न् ओळ वाचून सांगेन. त्याचे पैसे लागणार नाहीत, आणि तुम्ही आमच्याकडे पुढे शिकायलाच हवं असंही नाही.

तुमचं ट्रान्सक्रिप्ट, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीची प्रत आणि शपथबद्ध अनुवादकाकडून करून घेतलेली भाषांतरं असं सगळं एका फोल्डरमध्ये लावून ठेवलेलं आहे. ते तुमचं आहे, कुठेही गेलात तरी उपयोगी पडेल. कधीही येऊन घेऊन जा. बी२ची बॅच सोडायची असेल तर न झालेल्या भागाची फी पावतीवर लिहिल्याप्रमाणे परत मिळेल, त्यासाठी अर्जाची दोन ओळींची चिठ्ठी पुरे. आणि बॅच पुढे चालू ठेवायची असेल तर रात्रपाळीच्या आठवड्यात संध्याकाळच्या बॅचला बसा, तशी सोय करून ठेवली आहे.