काजू कारखान्याच्या सर्व्हरबद्दलच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमच्या सर्व्हरवरची सिस्टीम बदलताना ऐन काजू बीच्या हंगामात दोन दिवस वजनकाट्याच्या पावत्या हाताने फाडाव्या लागल्या, त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

पण "पैसे घेऊन डुप्लिकेट लिनक्स गळ्यात मारलं" असं तुम्ही चारचौघांत लिहिलंत, ते जिव्हारी लागलं. कुडाळात आमचा धंदा विश्वासावर चालतो, म्हणून खुलासा करतो. तुमच्या सर्व्हरवर घातलेलं अल्मालिनक्स डुप्लिकेट नाही. लिनक्स म्हणजे संगणक चालवणारी मूळ सिस्टीम. रेड हॅट कंपनीच्या सबस्क्रिप्शनवाल्या लिनक्सशी (रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स, थोडक्यात 'रेल') जुळावी अशीच बांधलेली, कायदेशीर आणि मोफत सिस्टीम म्हणजे अल्मा. तुमच्याकडे घातलेल्या ९व्या आवृत्तीला २०३२ पर्यंत सिक्युरिटी अपडेट आहेत. जुना सर्व्हर सेंटओएस ७ या जुन्या मोफत लिनक्सवर होता, त्याचे अपडेट ३० जून २०२४ला संपले, म्हणून बदल टाळता येत नव्हता. कोटेशनमध्ये दोन रकाने होते. रेड हॅट घेतलं तर दरवर्षी सबस्क्रिप्शन, सपोर्ट कंपनीचा. अल्मा घेतलं तर लायसन्सचा खर्च शून्य, सपोर्ट आमचा. दुसऱ्या रकान्यावर खूण तुम्हीच केलीत. बिलातले ४,५०० रुपये बॅकअप, दोन डिस्कचं मिररिंग (एकच डेटा दोन्हींवर ठेवणं) आणि डेटा परत चढवण्याच्या मजुरीचे आहेत, सिस्टीमचे नाहीत.

आमचं काम पहिल्याच दिवशी तीन वाजता संपलं होतं. अडलं ते बिलिंग सॉफ्टवेअरच्या इन्स्टॉलरपाशी. तो ओएस-रिलीज फाइलमधलं (सिस्टीमचं नाव-आवृत्ती लिहिलेली फाइल) नाव वाचतो आणि तिथे 'रेल' नसेल तर पुढे सरकतच नाही. "मग नाव बदलून टाका" असं तुम्ही फोनवर म्हणालात, आम्ही नाही म्हटलं, त्याचाच तुम्हाला राग आहे. ती फाइल सिस्टीमच्या पॅकेजची असते, पुढच्या अपडेटला पुन्हा मूळ नाव येतं. शिवाय उद्या डेटाबेस बिघडला तर सॉफ्टवेअरवाले लॉग (सिस्टीमच्या नोंदी) बघून 'हे खरं रेल नाही' म्हणत हात झटकणार, आणि नुकसान तुमचं. पुढचा दीड दिवस सॉफ्टवेअरवाल्यांच्या उत्तराची वाट बघण्यात गेला.

भाच्याने सांगितलेलं फुकट रेड हॅटही खरं आहे, पण ते डेव्हलपर सबस्क्रिप्शन १६ मशीनपर्यंत एका व्यक्तीच्या नावावर मिळतं, कारखान्याच्या नावावर नाही.

बिलिंग सॉफ्टवेअरवाल्यांची मान्यताप्राप्त सिस्टीमची यादी आम्ही आधी लेखी मागायला हवी होती, ही चूक आमची. यापुढे मागू, बाकीही सुधारणा करतोय.

इन्स्टॉलरला 'रेल'च लागतं, त्यासाठी आता डिस्क फॉरमॅट न करता मार्ग आहे. कारखान्याच्या नावाने रेड हॅट सबस्क्रिप्शन घ्या. रविवारी गेट बंद असताना आम्ही पूर्ण बॅकअप घेऊ, रेड हॅटचंच 'कन्व्हर्ट टू रेल' टूल आधी नुसत्या तपासणीवर चालवू, अहवालात अडथळा नसेल तरच पॅकेजेस बदलून रीबूट करू. डेटा जागेवरच राहतो. मजुरी घेणार नाही. रेड हॅट अकाउंटचा पासवर्ड तुमच्याकडेच ठेवा, तो टाकायला मात्र त्या वेळी सर्व्हरपाशी कुणीतरी हवं.