प्लास्टरखालची खाज, वास आणि एक फिरता संदेश

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या एका संदेशात म्हटले आहे, की प्लास्टर हवाबंद असल्याने आत जंतू शिरत नाहीत; खाज आणि वास या हाड जुळत असल्याच्या खुणा आहेत; खाज असह्य झाल्यास पावडर टाकून विणायची सुई फिरवावी; आणि फायबरचे प्लास्टर भिजले तरी बिघडत नाही.

जंतूंना आत शिरावे लागतच नाही. स्टॅफिलोकोकससारखे जीवाणू प्लास्टर घालतानाच त्वचेवर असतात. त्वचा शाबूत असेपर्यंत ते सहसा निरुपद्रवी असतात. घामाने ती मऊ, पांढुरकी पडून सोलवटली की मात्र त्यांना वाट मिळते.

खाजेचा हाडाशी संबंध नाही. घाम वाळत नाही आणि मृत त्वचा गळून पडत नाही, म्हणून खाजते. सुईने न दिसणारा ओरखडा उठतो, कापसाच्या अस्तराला सुरकुती पडते आणि ती रुतून तिथेच जखम होते. पावडरीचे तर घामात गोळे होतात. ड्रायरची थंड हवा चालते, गरम नव्हे.

वासाच्या समर्थनार्थ संदेशात स्पॅनिश यादवी युद्धातील शल्यचिकित्सक जोसेप ट्रुएटा यांचा दाखला दिला आहे, आणि तो अर्धाच आहे. ट्रुएटा जखमी अवयव प्लास्टरमध्ये आठवडेच्या आठवडे ठेवत, दुर्गंधी भयंकर येई आणि तरी जखमा भरत, हे खरे. पण त्याआधी ते जखम धुऊन मेलेले मांस कापून काढत आणि टाके न घालता निचऱ्याची सोय ठेवत. गुण त्या सफाईचा होता, वासाचा नव्हे. काही आठवड्यांनी घामट वास येणे स्वाभाविकच आहे. मात्र कुजका वास, बाहेर उमटलेला ओला डाग, ताप किंवा एकाच जागी वाढणारी वेदना असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. मधुमेहामुळे पाय बधिर झालेल्यांना टाचेवरची जखम दुखणारही नाही, म्हणून त्यांनी दुखण्याची वाट पाहू नये.

फायबर भिजून मऊ पडत नाही, एवढेच खरे. आतला कापूस ओलाच राहतो आणि बाहेरून हात लावून ते कळत नाही. जलरोधक अस्तर मुद्दाम घातले असेल तर गोष्ट वेगळी.

प्लास्टर उघडले तर हाड सरकेल, या धास्तीने लोक दुखणे अंगावर काढतात. वास्तविक संशयित जागेपुरती खिडकी कापून त्वचा पाहता येते. नंतर कापलेला तुकडा परत बसवून वर पट्टी बांधतात, कारण ती जागा मोकळी राहिली तर तिथली त्वचा सुजून खिडकीतून बाहेर फुगते.