हा रणगाडा नाही

“झाला का तुमचा रणगाडा?” बायकोने विचारलं.

“हा रणगाडा नाही,” मी सांगितलं. गेल्या पाच महिन्यांत हा संवाद आमच्यात इतक्या वेळा झाला आहे की आता ती प्रश्न विचारत स्वयंपाकघरात जाते आणि मी उत्तर रिकाम्या खोलीला देतो.

पण त्या दिवशी ती थांबली. “पट्टे आहेत, वर तो गोल फिरणारा डबा आहे, तोफा तर एक सोडून चार आहेत. मग रणगाडा का नाही?”

“कारण रणगाडा समोर बघतो. ही वर बघते. ही विमानविरोधी तोफगाडी आहे.”

“वर बघू दे नाहीतर खाली. टेबल कधी मोकळं होणार, तेवढं सांगा.”

खरं उत्तर मला माहीत होतं, पण देण्याची हिंमत नव्हती. टेबल मोकळं व्हायला गाडी पूर्ण व्हायला हवी. ती पूर्ण व्हायला सुरू व्हायला हवी. आणि सुरू व्हायला ती नेमकी कोणती आहे, हे मला कळायला हवं. पाच महिन्यांत मी या प्लॅस्टिकच्या मॉडेलचा एकही भाग चिकटवलेला नव्हता.

खोक्यावर ‘शिल्का’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे. प्रमाण १:३५. अधिकृत नाव झेडएसयू-२३-४, म्हणजे २३ मिलिमीटरच्या चार तोफा. एवढं वाचून समाधान मानणारी माणसं जगात सुखी असतात. खोकं उघडेपर्यंत मीही त्यांच्यातच होतो.

सोव्हिएत सैन्याने ही गाडी १९६२ साली स्वीकारली आणि नंतर तिला स्वस्थ बसू दिलं नाही. एकामागून एक आवृत्त्या: आधी व्ही आली, मग व्ही-१, मग एम आणि एमच्या पुढचे आकडे. पहिला घोटाळा अक्षरापासूनच. रशियन लिपीतला ‘व्ही’ हुबेहूब इंग्रजी ‘बी’सारखा दिसतो. त्यामुळे पहिला आठवडा मी ‘शिल्का बी’ नावाची, जगात कुठेच नसलेली गाडी शोधण्यात घालवला. तिची लक्षणंही मी एका वहीत लिहून काढली होती. ती वही अजून आहे.

व्हीवर हवा खेळती ठेवणाऱ्या यंत्रणेची पेटी गाडीच्या धडावर असते. व्ही-१ मध्ये असल्या पेट्या टरेटच्या, म्हणजे त्या गोल फिरणाऱ्या डब्याच्या, पुढच्या दोन्ही गालांवर चढल्या. वाचायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात आपल्या हातात एक पुसट फोटो असतो आणि पेटी हमखास फोटोत न दिसणाऱ्या बाजूला असते. ज्या फोटोत ती बाजू दिसते, त्यात नेमका पेटीपुढे एक सैनिक उभा असतो. कमरेवर हात, कोपर बाहेर. हा सैनिक मी इतक्या फोटोंत पाहिला आहे की मला तो एकच माणूस वाटायला लागला आहे. गाडी कुठलीही असो, देश कुठलाही असो, हा आधी जाऊन पेटी झाकून उभा राहतो. सैन्यात त्याला बहुधा तेवढंच काम असावं.

पुढे एम आली. आधीच्या गाड्यांत तोफांना थंड ठेवणारं पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या वेल्डिंग केलेल्या होत्या, त्या काढून लवचीक नळ्या बसवल्या. त्याने तोफेच्या नळीचं आयुष्य ३,५०० गोळ्यांवरून ४,५०० गोळ्यांवर गेलं म्हणतात. तोफेचं वाढलं, माझं तेवढंच कमी झालं. कारण १:३५ मध्ये ही नळी जाड सुतळीपेक्षा बारीक असते, आणि ती ताठ आहे की लवचीक हे ओळखण्यासाठी मी रात्री एक वाजता भिंग डोळ्याला लावून बसलेलो असतो.

एम-२ मात्र मला एका झटक्यात आवडली होती. अफगाणिस्तानातल्या युद्धासाठी केलेली ही गाडी. समोरच्याकडे विमानंच नव्हती, त्यामुळे आकाश धुंडाळणारं रडार काढूनच टाकलं. रात्री बघायची दुर्बीण बसवली आणि गोळ्या २,००० वरून ४,००० केल्या. टरेटच्या मागचा तो ताटलीसारखा रडार नाही, म्हणजे एम-२. लांबून, चष्म्याशिवायसुद्धा ओळखू येते. फरक असावा तर असा! पण माझ्या खोक्यात ताटली होती, म्हणून एम-२ बाद.

आता हे खोकं. वर रंगवलेलं चित्र व्ही-१ चं. आत जोडणीचा कागद एम दाखवतो. डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायचे ते आकडे नि चिन्हं, तिसऱ्याच गाडीची. आणि जिथे खरी मदत हवी तिथे कागदावर दोन भाग शेजारी शेजारी काढून मध्ये फक्त ‘किंवा’ लिहिलेलं. कंपनीला माहीत नव्हतं, हे कबूल करण्याची इतकी सभ्य पद्धत मी आजवर पाहिलेली नाही.

यात भर नावांची. शिल्का ही सैबेरियातली नदी. तिच्याबरोबर स्पर्धेत उतरलेली आणि मागे पडलेली ३७ मिलिमीटरची दोन तोफांची गाडी होती येनिसेई, तीही नदी. नंतर आलेली तुंगुस्का, नदी. शिल्काचीच एम-३ आवृत्ती बिर्युसा, नदी. शत्रूचा गोंधळ झाला की नाही, कुणास ठाऊक. माझ्या सासूबाईंचा झाला. एकदा त्यांचा फोन आला तेव्हा मी जमिनीवर कागद पसरून पुटपुटत होतो. बायको त्यांना म्हणाली, “हो, आहेत ना घरी. नद्यांचा अभ्यास करतायत.” पुढच्या भेटीत सासूबाईंनी मला धरणांविषयी मत विचारलं.

पुटपुटण्यावरून आठवलं. लेपर्ड रणगाड्याच्या धडावर बांधलेली जर्मन विमानविरोधी गाडी गेपार्ड आणि डच सैन्यातली तिची बहीण, या दोघींची रडारं वेगळी. डचांच्या गाडीची आद्याक्षरं पीआरटीएल, त्यावरून त्यांनी तिचं नाव पाडलं ‘प्रुटल’. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ रटरट शिजणं किंवा पुटपुटणं असा काहीसा होतो. हे नाव गाडी चालवणाऱ्यांनी ठेवलं असणार. पण तिची मॉडेलं करणाऱ्यांनाही ते शोभतं.

माझा एक मित्र आहे, तो फक्त दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन गाड्या करतो. पॅन्झर ४ रणगाड्याचे पट्टे वरून पेलणाऱ्या छोट्या चाकांची संख्या मोजणं हा त्याचा धर्म. चार असतील तर एक काळ, तीन असतील तर अगदी शेवटचा. हा मनुष्य एकदा ‘विर्बेलविंड’ ही विमानविरोधी गाडी करायला बसला. चार तोफा, वरून उघडा, नऊ बाजूंचा टरेट. सैनिक त्याला बिस्किटांचा डबा म्हणत. आणि बसल्यावर त्याला कळलं की ह्या गाड्या आघाडीवरून दुरुस्तीला परतलेल्या जुन्या रणगाड्यांच्या धडांवर बांधल्या होत्या. जे धड हाताला लागलं, ते. म्हणजे कुठल्याही काळाचे भाग कुठल्याही भागांबरोबर चालतील. मी म्हणालो, “अरे, मग बरंच झालं की! काहीही लाव, चुकणार नाही.”

तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी त्याच्या घरी आग लागल्याचं अभिनंदन केलं. “चुकणार नाही, म्हणजे बरोबर आहे हे कळणार कसं?” तो म्हणाला. त्याने ते खोकं बंद करून कपाटावर टाकलं. तिथेच आहे.

खरे सज्जन अमेरिकन. त्यांच्या एम-४२ डस्टर या विमानविरोधी गाडीची पुढची आवृत्ती एम-४२ए१. फरक इंजिनात: पेट्रोल आत सोडण्याची पद्धत बदलली. झाकण बंद केलं की दोन्ही गाड्या सारख्या. सुधारणा करावी तर अशी घरंदाज, चारचौघांत न दिसणारी.

तर, शेवटी मीही कंबर कसली. रविवारी सकाळी डिंक, चिमटा, भिंग सगळं मांडलं. ठरवलं, व्ही-१ तर व्ही-१. गालांवरच्या पेट्या चिकटवल्या. टरेट जुळला. पाच महिन्यांनी हातात काहीतरी गाडीसारखं दिसत होतं. रडारची ताटली रंगवून कडेला वाळत ठेवली आणि हात धुवायला उठलो.

मागे वळलो तेव्हा बायको टेबलाशी अवघडून उभी होती. एक पाय वर.

“अहो, काहीतरी मोडलं वाटतं पायाखाली. खाली पडलं होतं, मला दिसलंच नाही.”

ताटलीचे तीन तुकडे झाले होते. दोन सापडले. तिसरा ज्या ठिकाणी असले सगळे तुकडे जातात तिथे गेला. कपाटाखाली झाडू फिरवला तर एप्रिलमध्ये हरवलेलं दुसरंच चाक बाहेर आलं.

मी तुकडे हातात घेऊन बसलो. ती घाबरली असावी, कारण मी हसत होतो. “रडार नाही,” मी म्हणालो. “रडारच नाही! एम-२! अगं, ओळख पटली!”

“म्हणजे मी मोडली म्हणून तुमचा रणगाडा ठरला?”

“हा रणगाडा नाही,” मी सवयीने म्हणालो, आणि एम-२ च्या फोटोंची फाइल उघडली. गालांवरच्या पेट्यांचं मागाहून बघू. आता फक्त ती रात्रीची दुर्बीण टरेटवर नेमकी कुठे बसते, एवढंच बघायचं होतं. पहिला फोटो स्वच्छ होता. उजेड चांगला, टरेट अगदी जवळून घेतलेला.

आणि टरेटवर तो बसला होता. कमरेवर हात, कोपर बाहेर.