घड कोणाच्या हद्दीत?

भुसावळात मे महिन्यात संध्याकाळी साडेसहाच्या आत कोणी शहाणा माणूस झाडांना पाणी घालत नाही. घालायला गेलंच, तर पाइपातून पहिलं जे पाणी येतं त्यात नुसती चहापत्ती टाकायची बाकी असते. ते आधी बादलीत सोडायचं, धुण्याला ठेवायचं आणि हाताला सोसेल असं यायला लागलं की मग मोगऱ्याकडे वळायचं. ही रीत आमच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तरी रोज कंपाउंडवरून कोणीतरी ओरडतंच, "वहिनी, गरम पाणी नका घालू हो मुळांना!"

हे ओरडणारे बहुतेक वेळा गार्डकाका असतात. रेल्वेतून गार्ड म्हणून रिटायर झाले. पुढे २०२२ मध्ये रेल्वेनं गार्डचं 'ट्रेन मॅनेजर' केलं, आणि ते नाव आपल्याला लागलं नाही याची रुखरुख ते अजून बाळगून आहेत. बागेत मात्र त्यांनी मॅनेजरकी कमी पडू दिलेली नाही. स्वतःच्याही आणि माझ्याही.

पाण्याच्या वेळेला आमची बैठक भरते. डावीकडून गार्डकाका, उजवीकडून अमळनेरच्या मावशी आणि समोरून रस्ता ओलांडून सर. सुरुवात पाऱ्यापासून. सरांचा मोबाइल ४४ म्हणतो. काकांना तो गावाचा अपमान वाटतो. त्यांनी पश्चिमेच्या भिंतीवर, भर उन्हात, एक थर्मामीटर ठोकलाय. तो उन्हाळाभर ४९ च्या खाली बोलतच नाही. जळगावचा कोणी पाहुणा "आमच्याकडेही ४५ होतं" म्हणाला, तर त्याला चहा मिळतो, पण मान्यता मिळत नाही. मावशींचं दोघांशीही देणंघेणं नसतं. त्या पदरानं वारा घेत म्हणतात, "कितलं ऊन शे माय! झाड बी मानूसच शे, त्याले बी तहान लागस." आणि डाळ-तांदूळ धुतलेल्या पाण्याचं पातेलं गुलाबाच्या बुडाशी रिकामं करतात. एवढ्या वेळात गल्लीत झालेलं उपयोगाचं काम तेवढंच.

पाऱ्यानंतर रोगराई. माझ्या जास्वंदीवर पिठ्या ढेकूण पडला होता. फांदीच्या बेचक्यात कापसाचे बारीक बारीक बोळे चिकटवल्यासारखा, आणि हात लावला की बोटं चिकट. सर म्हणाले, निंबोळी अर्क, ५ टक्के. मावशी म्हणाल्या, चुलीतली राख. आता गॅसच्या शेगडीतून राख कुठून काढायची, हे मी विचारलं नाही. काका म्हणाले, तंबाखूचं पाणी, आणि खिशातून पुडीही काढली. डॉक्टरांनी सोडायला सांगितलेली तंबाखू त्यांच्याकडे फक्त झाडांसाठी असते, असं काकूंना सांगितलेलं आहे. जास्वंदीनं सगळं निमूट सोसलं. ढेकणांनीही सोसलं. मग सरांनी सांगितलं की ढेकूण एका फांदीवरून दुसरीवर मुंग्याच नेऊन बसवतात, आधी मुंग्यांचा बंदोबस्त करा. हे अगदी खरं आहे. पण त्यापुढे "मुंग्यांची रांग गार्डसाहेबांच्या कंपाउंडातून येते" हे बोलायची गरज नव्हती. त्यानंतर काका बरेच दिवस सरांशी नुसतं खाकरूनच बोलत होते.

सरांचंही मडकं काही कच्चं नाही असं नाही. त्यांच्या एसीचं बाहेरचं खोकं बरोबर मावशींच्या कढीपत्त्यावर झोत सोडतं. आधीच वरून ऊन, त्यात ही वाफ. मावशींनी विषय काढला की सर सांगतात, "अहो, एसीचं पाणी पडतं ना, ते घाला की त्याला." मे महिन्यातल्या आमच्या कोरड्या हवेत त्या नळीतून जेमतेम थेंब गळतो. श्रावणात हवेला ओल आली की बादली भरते, पण तेव्हा कढीपत्ता स्वतःच गुडघाभर पाण्यात उभा असतो.

या बैठकीचा एक अलिखित नियम आहे. जो गैरहजर, तो त्या दिवसाचा त्रासदायक शेजारी. कोपऱ्यावरचे आजोबा पहाटे काठीला तारेचा आकडा बांधून सगळ्यांची जास्वंद आणि कण्हेर देवासाठी ओढून नेतात. संध्याकाळी ते मंदिरात असतात, म्हणून निम्मा उन्हाळा त्यांच्यावरच निघाला. ते मुलीकडे गेले तेव्हा आमची मोठी पंचाईत झाली. तेव्हापासून कोणी आधी घरात जात नाही. आत कुकरच्या शिट्ट्या होत असतात, डाळीचा लगदा होत असतो, डास पायाला फोडून काढत असतात, पण मी पाइप हातात धरून उभी. पाणी केव्हाच बंद केलेलं असतं. कारण मी आत गेले की माझ्या केळीचा विषय निघणार.

केळीचं असं झालं. भावाच्या शेतातलं जी-नाइन जातीच्या केळीचं, टिश्यू कल्चरनं प्रयोगशाळेत वाढवलेलं एक रोप मी आणलं आणि मोरीचं पाणी जातं तिथे, भिंतीला धरून लावलं. रावेर, यावल, चोपडा, जिकडे जावं तिकडे केळीच्या बागा. बऱ्हाणपूरला आज काय भाव निघाला, हे इथे लोक जावयाच्या तब्येतीआधी विचारतात. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं, भरताच्या वांग्यालाही त्याच वर्षी. अशा जिल्ह्यात, जिथे दारावर केळीवाला आला तर लोक त्याच्याकडे संशयानं बघतात, तिथे एका घडावरून शेजार बिघडावा?

पण घड निसवला तो नेमका भिंतीपलीकडे वाकून. बुंधा माझ्याकडे, फण्या काकांच्या अंगणात.

"वहिनी, गाडी ज्या सेक्शनमध्ये उभी, त्या सेक्शनची," काका म्हणाले.

"पण सुटली तर आमच्या स्टेशनातून ना?" मी म्हटलं.

यावर ते हसले. मला वाटलं, मिटलं. दुसऱ्या दिवशी घडाला ऊन लागू नये म्हणून त्यांनी वर हिरवं नेट बांधलं. मग घड जड होतोय म्हणून बांबूचा टेकू दिला. मग गरम वाऱ्यानं सालीवर डाग पडतील म्हणून वाळलेली पानं गुंडाळली. शेतकरी करतात ते सगळं केलं आणि रोज एकेक हक्क वाढवत नेला. मी तक्रार तरी काय करणार? माझ्याच घडाची सेवा फार होतेय, अशी? सरांनी तडजोड सुचवली, मधोमध अर्धा-अर्धा. मावशी म्हणाल्या, भाजी करी टाका, कच्चीच. दोन्ही सूचना दोन्ही पक्षांनी एकमतानं फेटाळल्या. एवढ्या उन्हाळ्यातलं आमचं ते एकमेव एकमत.

रोहिणी संपत आल्या आणि मृगाच्या तोंडावर एका संध्याकाळी वादळ आलं. खानदेशात हे वादळ उभ्या बागा आडव्या करून जातं, माझ्या एकट्या झाडाची काय कथा. टेकूसकट केळ काकांच्या अंगणात पसरली आणि जाता जाता थर्मामीटर घेऊन गेली.

घड मागायला जावं की नाही, याचा मी विचार करत होते. मुकाट्यानं आठ-दहा दिवस गेले. मग काका पिशवी घेऊन दारात आले. पोत्यात घालून पिकवलेली एक फणी, पिवळीधमक.

"घ्या वहिनी. घरची आहेत, औषध न मारलेली. सगळ्यांकडे देऊन आलो."

मी आभार मानले. दुसरं काय करणार?

"आणि खांब तसाच पडलाय अंगणात," पायरी उतरता उतरता ते म्हणाले. "तुमचा आहे. माणूस कधी पाठवता?"

माणूस पाठवला. केळी गोड होती. आता जुन्या बुंध्याशी पिलं फुटलीत. दोन माझ्या बाजूला. तिसरं भिंतीच्या पायाखालून पलीकडे निघालंय आणि काकांनी विटा लावून त्याला सुरेख आळं केलंय. पाणी मात्र कंपाउंडवरून पाइप टाकून मीच घालायचं. काका म्हणतात, मूळ तुमच्याकडेच आहे ना वहिनी.