कच्चं, कोरडं आणि ताईचा भात

दर रविवारी कोथरूडला फोन लावला की सध्या पहिली पंधरा मिनिटं कुत्र्याच्या जेवणावर जातात. ताईकडे टायगर आहे, रस्त्यावरून उचलून आणलेला, आता चार वर्षांचा आणि २० किलोचा. ताई त्याला सकाळी दूध-पोळी आणि रात्री चिकन-भात घालते. भाऊजी म्हणतात, कोरड्या दाण्यांचं पाकीट आणा आणि मोकळे व्हा. भाच्याने तर गेल्या महिन्यात जाहीर केलं की कुत्रा म्हणजे मुळात लांडगा, त्याला कच्चंच मांस हवं, आणि आता पुण्यातही गोठवलेला खिमा घरपोच मिळतो. वाद तापला की तो मला साक्षीला बोलावतो, "मावशी, लंडनमध्ये सगळे रॉच देतात ना?"

सगळे देत नाहीत, पण बरेच देतात. मीही दोन वर्षं दिलं.

आमचा मोती स्प्रिंगर स्पॅनियल, तोही वीसच किलोचा. ऑस्ट्रेलियातले पशुवैद्य इयन बिलिंगहर्स्ट यांनी १९९३ मध्ये कच्च्या मांस-हाडांच्या आहाराचा पुरस्कार केला. तेव्हापासून या आहाराला इथे पक्के अनुयायी आहेत, आणि आमच्या बागेत भेटणारे निम्मे लोक त्यातले. त्यांचं ऐकून मी मोतीला खिम्यावर नेलं. त्याचे केस चमकायला लागले, शी निम्म्यावर आली, जेवणाच्या वेळी तो आधीच फ्रीझरपाशी जाऊन बसायचा. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, नाकारणार नाही. कच्च्यामुळे आयुष्य वाढतं, कर्करोग टळतो, हे मात्र कुणी सिद्ध केलेलं नाही.

खर्चाचा हिशेब किलोवर करायचा नसतो, हे मला फार उशिरा कळलं. कोरड्या दाण्यांत पाणी आठ-दहा टक्के, कच्च्या खिम्यात सत्तर टक्क्यांच्या आसपास. १०० ग्रॅम दाण्यांत साधारण ३६० कॅलरी असतात, तेवढ्याच खिम्यात १७०. मोतीला दिवसाला साडेनऊशे-हजार कॅलरी लागतात. म्हणजे दाणे २७० ग्रॅम पुरतात आणि खिमा ५७० ग्रॅम लागतो. माझ्या पावत्यांवर दोन्हींचा भाव किलोला चार पौंडांच्या आसपास होता, म्हणून मला ते सारखेच महाग वाटत होते. प्रत्यक्षात दाण्यांना रोज एक पौंडाच्या थोडं वर पडत होतं आणि खिम्याला सव्वादोन पौंड. प्रथिनांचा आकडाही असाच फसवतो. दाण्यांच्या पिशवीवर २५ टक्के आणि खिम्याच्या डब्यावर १५ टक्के वाचून खिमा कमी कसाचा वाटतो, पण दोन्हींतलं पाणी वजा केलं की दाणे सत्तावीसवर राहतात आणि खिमा पन्नाशीच्या जवळ जातो.

त्यात करांची गंमत आहे. ब्रिटनमध्ये माणसांच्या बहुतेक खाद्यपदार्थांवर शून्य टक्के व्हॅट, पाळीव कुत्र्याच्या खाद्यावर मात्र २० टक्के, आणि मेंढ्या राखणाऱ्या किंवा शिकारीच्या कामाच्या कुत्र्यांसाठीच्या खाद्यावर पुन्हा शून्य. म्हणून कितीतरी पिशव्यांवर 'वर्किंग डॉग' छापलेलं असतं आणि ते खाणारा कुत्रा सोफ्यावर झोपलेला असतो.

पाकीटवाल्यांबद्दल माझं मन फार कोवळं नाही. आम्ही पूर्व लंडनमध्ये राहतो. मोतीला घेऊन लाइमहाउस कट या कालव्याच्या काठाने चाललं की पॉप्लरला स्प्रॅट्सच्या जुन्या कारखान्याची इमारत लागते. जेम्स स्प्रॅट हा अमेरिकन माणूस लंडनला वीजवाहक, म्हणजे पडणाऱ्या विजेपासून इमारती वाचवणारे दांडे, विकायला आला होता. गोदीतली कुत्री जहाजांवरची टाकलेली कडक बिस्किटं खाताना त्याने पाहिली आणि १८६० च्या सुमारास कुत्र्यांची बिस्किटं विकायला काढली, असं सांगतात. कारखान्यात तयार झालेलं कुत्र्याचं अन्न तिथून सुरू झालं, आणि त्याच्या जाहिरातीही. आजही इथे डब्यावर 'विथ चिकन' लिहायला त्यात चार टक्के चिकन असलं तरी चालतं. २००७ मध्ये अमेरिकेत चीनहून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये (गव्हातल्या प्रथिनात) मेलामाइन हे प्लास्टिकसाठी वापरतात ते रसायन निघालं आणि डबे परत मागवावे लागले. त्यात कुत्री-मांजरं मूत्रपिंडं निकामी होऊन मेली. तेव्हा पाकिटावर डोळे मिटून विश्वास ठेव, असं मी भाच्याला सांगणार नाही. पिशवीवर 'संपूर्ण आहार' लिहिलंय की 'पूरक', हे आधी वाच, एवढं नक्की सांगेन. पूरक म्हणजे फक्त वरचा खाऊ.

मग मी कच्चं का सोडलं? आईमुळे. केमोथेरपी संपवून ती सहा महिने आमच्याकडे राहायला आली. तिच्या पांढऱ्या पेशी अजून सावरत होत्या. मोती जेवून उठायचा तो सरळ तिच्या मांडीवर तोंड ठेवायचा, आणि ती त्याचे गाल कुरवाळायची. पहिल्याच आठवड्यात आमच्या पशुवैद्य बाईंनी विचारलं, घरात आजारी, लहान किंवा म्हातारं माणूस आहे का? मी हो म्हटल्यावर त्यांनी खिमा त्याच दिवशी बंद करायला सांगितला.

इथे कच्चं खाद्य विकणाऱ्या कारखान्याला सरकारी मान्यता लागते. मांस माणसाने खाण्याजोगं ठरलेल्या जनावराचंच घ्यावं लागतं, आणि तपासलेल्या नमुन्यांत प्रत्येकी २५ ग्रॅममध्ये, अन्नातून विषबाधा करणाऱ्या साल्मोनेलाचा एकही जीवाणू सापडून चालत नाही. एवढं असूनही साल्मोनेलापायी माल परत मागवल्याच्या सूचना अधूनमधून येतात. गोठवल्याने जीवाणू मरत नाहीत, नुसते थांबतात. ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ मध्ये ६०० निरोगी कुत्र्यांच्या विष्ठेचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात कच्चं मांस खाणाऱ्यांमध्ये, महत्त्वाच्या प्रतिजैविकाला दाद न देणारा ई. कोलाय जास्त आढळला. तो जीवाणू कुत्र्याला काही करेल न करेल, पण ज्या घरात ते कुत्रं सोफ्यावर चढतं, तिथल्या माणसांचा प्रश्न आहे.

आता हेच कोथरूडला लावून पाहा. आपल्याकडे चिकन विकणारा आणि घेणारा, दोघांनीही एक गोष्ट धरलेली असते, की हे घरी जाऊन रश्श्यात खदखदा उकळणार आहे. आपली सगळी सुरक्षितता त्या उकळीत आहे. भाचा ती उकळीच काढून टाकायला निघालाय, तेही मे महिन्याच्या उकाड्यात, दुपारी वीज जाते अशा घरात, जिथे ताईच्या सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत. लंडनचं कच्चं जेवण तो तिकडे नेईल. त्याच्या मागची मान्यता, तपासणी आणि कारखान्यापासून घरापर्यंत न तुटणारी थंडगार साखळी कशी नेणार? शिवाय त्याच्याकडचा खिमा ४५० रुपये किलो. रोज ५७० ग्रॅम म्हणजे महिन्याला साडेसात हजारांच्या पुढे. भाऊजी म्हणतात त्या मध्यम किमतीच्या दाण्यांना तीन हजारांच्या आत पडतं.

आणि लांडग्याचं म्हणाल, तर २०१३ मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी कुत्र्याचा आणि लांडग्याचा जीनोम, म्हणजे जनुकांचा सगळा संच, ताडून पाहिला. भात-पोळीतलं पिष्ट पचवायला मदत करणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. माणसाच्या उंबऱ्याशी उष्टं-खरकटं खात कुत्रा बदलला. नामदेव तुपाची वाटी घेऊन ज्याच्यामागे धावले तो पोळीच पळवत होता. म्हणून ताईचा भात मला मुळीच चुकीचा वाटत नाही. परदेशातून पाहताना मला याचंच वाईट वाटतं, की घरच्या वादात दोन्ही बाजूंना दुकानं आहेत आणि शिजवणारी बाई मधल्या मधे अडाणी ठरते.

पण ताईचंही सगळं बरोबर नाही, आणि हे तिला मी सरळ सांगितलं. चिकनच्या नुसत्या मांसात फॉस्फरस कॅल्शियमच्या दहा-पंधरा पट असतो. कुत्र्याच्या एकूण आहारात कॅल्शियम फॉस्फरसच्या बरोबरीने किंवा थोडं जास्त लागतं. ते अन्नातून मिळालं नाही तर शरीर स्वतःच्या हाडांतून काढतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०१३ मध्ये घरी करायच्या २०० पाककृती तपासल्या, तर ९५ टक्क्यांमध्ये निदान एक तरी आवश्यक घटक कमी निघाला. माया असली म्हणून जस्त आणि आयोडीन आपोआप ताटात येत नाहीत. दूध पुष्कळ कुत्र्यांना पचत नाही. भातावर ती आपला रस्सा ओतते, त्यात कांदा-लसूण असतो, आणि तो कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो. तो रस्सा आधी बंद.

ती दुखावली, दोन दिवस बोलली नाही. मग बुधवारी भाच्याने फोटो पाठवला. ओट्यावर वजनकाटा, शेजारी कुकर, आणि फ्रिजवर ताईच्या अक्षरातला कागद: बिनहाडाचं चिकन ३५० ग्रॅम, तांदूळ १२०, काळीज ३०, लाल भोपळा एक वाटी, तेल एक चमचा, मीठ-मसाला नाही. खाली 'कॅल्शियम आणि जीवनसत्त्वं' लिहून पुढची जागा रिकामी ठेवली आहे. ती डॉक्टरांना विचारून भरायची आहे. शनिवारी टायगरला लस द्यायला नेणार आहेत, तेव्हा हा कागद सोबत न्यायला सांगितलंय.